गाडी उंच, समज ठेंगणी

"आधी लिफ्ट करून घे, मग बाकीचं बघू." फोर बाय फोर एसयूव्ही घेतलेल्या माणसाला मिळणारा हा पहिला सल्ला. देणारा अनुभवी असतो, त्याची स्वतःची गाडी उंच असते आणि तो इतक्या ठामपणे बोलतो की ऐकणाऱ्याला दारातली नवीकोरी गाडी एकदम बुटकी दिसायला लागते. दोन इंचांचं किट, गॅरेजमध्ये एक दिवस, आणि घरची गाडी 'खरी' ऑफ-रोडर! या सल्ल्यातली बहुतेक विधानं अर्धवट आहेत, काही सरळ चुकीची आहेत. आणि जी गाडी आठवडाभर मुलांना शाळेत सोडते, आजींना दवाखान्यात नेते आणि सुट्टीला सात माणसं व टपावर बॅगा घेऊन घाट उतरते, तिच्या बाबतीत हा सल्ला धोक्याचा आहे.

वाद कोणत्या गाड्यांबद्दल आहे, ते आधी सांगतो. गोव्यात भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या गाड्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांना रोल केज असतो, विंच असते, चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि मागच्या सीटवर कुणी झोपलेलं नसतं. प्रश्न आहे तो स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांचा, म्हणजे ज्यांचं नव्वद टक्के आयुष्य डांबरावर जाणार आहे त्यांचा. लिफ्टचे समर्थक जे मुद्दे मांडतात ते याच गाड्यांना लावून तपासायला हवेत.

पहिला मुद्दा ग्राउंड क्लिअरन्सचा. लिफ्ट केली की गाडी दोन इंच उचलली जाते, म्हणून खालची जागा दोन इंच वाढते, असं सांगितलं जातं. गाडीखाली बॅटरी मारून पाहिलं तर वेगळं चित्र दिसतं. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ-एन आणि थार या तिन्ही गाड्यांना मागे सलग अ‍ॅक्सल आहे. जिम्नीला तर पुढेही आहे. अशा अ‍ॅक्सलच्या मधोमध डिफरन्शियलचा फुगीर गोळा असतो आणि मागच्या बाजूला जमिनीच्या सगळ्यांत जवळ तोच असतो. स्प्रिंग बसते अ‍ॅक्सल आणि चॅसी यांच्या मध्ये. उंच स्प्रिंग टाकली की चॅसी वर जाते, अ‍ॅक्सल जिथल्या तिथे राहतो. चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर, किंवा ओढ्यातल्या गोट्यावर तो गोळा काल जसा आपटत होता तसाच उद्याही आपटणार. तो वर उचलायचा एकच मार्ग आहे, मोठा टायर. तिथेही हिशोब निम्मा होतो, कारण टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढवला की अ‍ॅक्सल २५ मिलिमीटर वर जातो. 'दोन इंच क्लिअरन्स वाढला' या जाहिरातीत हे कुठेच येत नाही.

मग लिफ्टने काहीच मिळत नाही का? मिळतं, आणि ते मान्य केलं पाहिजे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधलं पोट वर जातं, बंपरही वर जातात. व्हीलबेस २,७५० मिलिमीटर धरा (स्कॉर्पिओ-एनचा तेवढाच आहे) आणि पोटाखाली २०० मिलिमीटर मोकळे आहेत असं समजा. ढोबळ भूमितीने अशी गाडी साडेसोळा अंशांचा उंचवटा पोट न घासता ओलांडेल. ५० मिलिमीटरची लिफ्ट केली तर साडेवीस अंशांचा. चार अंश हा खरा फायदा आहे. आता आपल्याकडे पुढे काय होतं ते बघा. गाडी उंच झाल्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना चढता येईना, म्हणून त्याच गॅरेजमध्ये दारांखाली लोखंडी पायऱ्या बसवल्या जातात. या पायऱ्या येतात दोन चाकांच्या बरोबर मध्ये, म्हणजे ज्या जागेसाठी लिफ्टचे पैसे मोजले तिथेच. उंचवट्यावर आधी त्याच टेकतात. मिळवलेल्या चार अंशांपैकी किती उरले, हे मोजायला कुणी थांबत नाही.

दुसरा मुद्दा असा की किट 'बोल्ट-ऑन' आहे, काही कापायचं नाही, वेल्डिंग नाही, म्हणजे काही बिघडतही नाही. इथे बाजारात भरपूर खपणारा एक प्रकार जरा जवळून पाहू. हा असतो स्पेसर: अ‍ॅल्युमिनियमची किंवा कडक पॉलियुरेथेनची जाड चकती. पुढचं चाक काढायचं, स्ट्रट खाली घ्यायचा, त्यातल्या स्प्रिंगच्या डोक्यावर, तिच्या बैठकीखाली ही चकती घालायची आणि स्ट्रट परत चढवायचा. स्प्रिंग तीच, शॉकअप तोच. गाडी खाली उतरवली की नाक वर झालेलं दिसतं आणि मालक खूश होऊन फोटो काढतो.

त्या चकतीने केलंय काय, ते मात्र फोटोत दिसत नाही. चाकाला वरखाली होण्यासाठी ठरावीक प्रवास असतो. गाडी नुसती उभी असते तेव्हा त्यातला काही भाग वर जायला आणि काही भाग खाली लोंबायला राखलेला असतो. स्पेसरमुळे उभ्या गाडीचंच चाक आधी खाली ढकललं जातं. म्हणजे खाली जायचा जो प्रवास शिल्लक होता, तो उंचीत खर्ची पडला. ऑफ-रोडिंगमध्ये लागतो नेमका तोच प्रवास, कारण खड्ड्यात चाकाने खाली जाऊन जमिनीला टेकून राहावं लागतं. ते हवेत लोंबलं की पकड गेली. तेव्हा ऑफ-रोडसाठी केलेल्या या बदलाने गाडी ऑफ-रोडलाच कमजोर होते. रस्त्यावरही याची खूण पटते. गतिरोधकावरून जरा वेगात उतरलं की पुढून 'टक्' असा कोरडा आवाज येतो. शॉकअप पूर्ण ताणला जाऊन आतल्या टोकावर आपटल्याचा तो आवाज आहे. गॅरेजवाला म्हणतो, "बसेल हळूहळू." बसत काहीच नाही; शॉकअपचं आयुष्य तेवढं कमी होतं.

पुढचा अ‍ॅक्सल सलग नसेल तर आणखी एक गोष्ट घडते. गिअरबॉक्सच्या बाजूचं डिफरन्शियल चॅसीबरोबर वर जातं, चाक खालीच राहतं, आणि दोघांना जोडणारा ड्राइव्ह शाफ्ट तिरका होतो. दोन सांध्यांमधलं अंतर अर्धा मीटर धरलं तर ५० मिलिमीटरच्या लिफ्टने तो पावणेसहा अंशांनी जास्त कलतो. हे सांधे कलत्या अवस्थेत फिरायलाच बनवलेले असतात, पण मोठ्या कोनात थोडाच वेळ. आता ते प्रत्येक किलोमीटर त्याच कोनात फिरणार. रबरी बूटच्या घड्या एकमेकींवर घासतात, चिरतात, आणि एक दिवस रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसतं. ग्रीस बाहेर गेलं तशी धूळ-पाणी आत गेलं. मग वळण घेताना कटकट ऐकू येते आणि सांधा बदलावा लागतो. वरच्या आर्मचा बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर बारच्या लिंक, ब्रेकचे होस, या सगळ्यांची कथा अशीच आहे. प्रत्येकाची एक मर्यादा होती आणि प्रत्येकाला तिच्या जवळ नेऊन ठेवलं गेलं.

सलग अ‍ॅक्सलवाल्यांनीही खूश व्हायचं कारण नाही. अनेक गाड्यांत अ‍ॅक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड एका टोकाला चॅसीला आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅक्सलला जोडलेला असतो. चॅसी वर गेली की तो अ‍ॅक्सलला थोडा बाजूला ओढतो. जिम्नीसारख्या गाडीत पुढचा अ‍ॅक्सलही सलग असल्यामुळे लिफ्टबरोबर कॅस्टर कमी होतो. कॅस्टर म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ येण्यामागचा कोन. तो बिघडला की हायवेवर गाडी भरकटल्यासारखी वाटते, आणि एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाकं थडथडायला लागतात. हे दुरुस्त करता येतं: बदलता येण्याजोगा पॅनहार्ड रॉड, कॅस्टर सुधारणारे बुश, पुढच्या बाजूला नवे कंट्रोल आर्म. पण मग 'दोन इंचांचं किट, एक दिवसाचं काम' हे वाक्य संपलं. बिलातली रक्कम बदलली आणि लागणारं कौशल्यही बदललं.

तिसरा मुद्दा सर्वांत धोक्याचा: "रस्त्यावर काही फरक जाणवत नाही." जाणवत नाही, हे खरं असेलही. ज्या क्षणी जाणवायला हवा तो क्षण रोज येत नाही. एक्सप्रेस वेवर शंभरच्या वेगात समोरच्या ट्रकने अचानक लेन बदलली आणि तुम्ही स्टिअरिंग झटक्यात डावीकडे-उजवीकडे फिरवलं, तेव्हा तो येतो. गाडी उलटण्याची प्रवृत्ती मोजायला अमेरिकेची महामार्ग सुरक्षा संस्था एक साधं गुणोत्तर वापरते: दोन चाकांमधलं आडवं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. त्यांच्याच सांगण्यानुसार बहुतेक मोटारींचा हा आकडा १.३ ते १.५ असतो, उंच गाड्यांचा १.० ते १.३. समजा तुमच्या एसयूव्हीचा ट्रॅक १,५२० मिलिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य ६९० मिलिमीटरवर. गुणोत्तर येतं १.१०. दोन इंचांच्या लिफ्टने अ‍ॅक्सल आणि चाकं सोडून बाकी सगळं वजन वर जातं, म्हणजे गुरुत्वमध्य साधारण ४५ मिलिमीटर चढतो. गुणोत्तर होतं १.०३. आकडा छोटा दिसतो, पण साधी मोटार आणि एसयूव्ही यांच्यातला अख्खा फरकच तीन दशांशांच्या आसपास आहे. त्यातला जवळजवळ पाव हिस्सा तुम्ही एका दिवसात आणि स्वखर्चाने गमावला. यात टपावरच्या बॅगा अजून धरलेल्याच नाहीत.

"ईएससी आहे ना, सांभाळून घेईल," असं कुणी म्हणेल. ईएससी म्हणजे गाडी घसरू लागताच एकेका चाकाला ब्रेक लावून तिला ताळ्यावर आणणारी यंत्रणा. ती गाडीच्या मूळ उंचीवर, मूळ स्प्रिंगांवर आणि मूळ टायरवर जुळवलेली असते. बदललेल्या गाडीवरही ती काम करत राहील, पण जुन्या गाडीचं गणित मनात धरून. स्कॉर्पिओ-एनला २०२२ मध्ये ग्लोबल एनकॅपकडून प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले. ते तारे चाचणीला पाठवलेल्या, कारखान्यातून निघालेल्या गाडीला मिळाले. लिफ्ट केलेल्या गाडीची चाचणी कुणीच घेतलेली नाही, त्यामुळे तिला किती तारे, हे किट विकणाऱ्याला ठाऊक नाही, बसवणाऱ्याला नाही आणि मालकालाही नाही. एक्सयूव्ही ७०० सारख्या गाडीत काचेमागच्या कॅमेऱ्याने लेन आणि पुढची गाडी ओळखायची असते. त्याची उंची आणि कल बदलल्यावर तो नव्याने जुळवून घेतला पाहिजे, आणि हे काम बहुतेक लिफ्टच्या बिलात नसतं.

समोरून येणाऱ्यांचा विचार तर या चर्चेत कुणीच करत नाही. नुसतं नाक उचलणारी ५० मिलिमीटरची लिफ्ट २,७५० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर गाडीला पावणेदोन टक्क्यांहून थोडं जास्त वर बघायला लावते. डिपर बीम साधारण एक टक्का खाली झुकवलेला असतो, म्हणजे दहा मीटरवर दहा सेंटिमीटर. आता हिशोब करा. रस्त्यावर पडणारा प्रकाश आडव्या रेषेच्या वर गेला आणि समोरच्या दुचाकीस्वाराच्या डोळ्यांत घुसला. हेडलाइट पुन्हा जुळवणं दहा मिनिटांचं काम आहे, पण ते करून घेतलेल्या गाड्या किती, हे रात्रीच्या कोणत्याही दुपदरी रस्त्यावर कळतं. अपघात झालाच तर उंच गाडीचा बंपर छोट्या मोटारीच्या धक्का झेलणाऱ्या भागावर न बसता त्याच्या वर जातो. आपल्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या दारावर चढते.

एवढी किंमत मोजून निदान गाडी अडकायची तरी थांबते का? इथेच खरं घोडं पेंड खातं. पावसाळ्यात मावळातल्या शेतवाटेवर, कोकणातल्या जांभ्याच्या लाल चढावर किंवा मराठवाड्यातल्या काळ्या मातीत घरच्या गाड्या रुततात, त्यातल्या पोट टेकून किती अडकतात आणि पकड गेल्यामुळे किती, हे बाजूला उभं राहून पाहा. बहुतेक वेळा पोट मोकळं असतं आणि चाकं जागच्या जागी फिरत असतात. हायवेच्या टायरच्या उथळ खाचांत चिखल भरून त्यांचा गुळगुळीत गोळा झालेला असतो. हवा पस्तीस पीएसआय. कर्णाच्या रेषेतली समोरासमोरची दोन चाकं आडव्या खड्ड्यांमुळे तिरकी उचलली गेली की साधं डिफरन्शियल सगळी ताकद हवेतल्या चाकाला देऊन टाकतं, आणि जमिनीवरचं चाक नुसतं बघत राहतं. या दुखण्यावर लिफ्ट हा रोग रेड्याला आणि औषध पखालीला असा प्रकार आहे. उलट स्पेसरवाल्या गाडीचं चाक आधीच कमी लोंबत असल्यामुळे ती तिरकी लवकर उचलली जाते.

अशा चढावर एकदा दोन गाड्या मागोमाग पाहिल्या. पहिली उंच होती, रस्त्याचे टायर, पूर्ण हवा. चालवणारा दर वेळी वेग वाढवून येई, दर वेळी त्याच खाचेत चाकं फिरवत थांबे, आणि प्रत्येक प्रयत्नाबरोबर खाच खोल होत जाई. मागची गाडी कंपनीच्या उंचीची. तिचा मालक आधी खाली उतरला, चढ चालून आला, काठीने चिखलाची खोली पाहिली, ऑल टेरेन टायरची हवा काढून अठरावर आणली, लो रेंज टाकली आणि खाचेच्या बाजूने दोन चाकं गवतावर ठेवून शांतपणे वर गेला. इंजिनाचा आवाजही फारसा वाढला नाही. हवा कमी केल्यावर टायर लांबट होऊन जमिनीवर पसरतो, दगडाला धरतो, वाळूत आणि चिखलात कमी रुततो. त्यासाठी लागतं एक प्रेशर गेज, आणि परतताना डांबराला लागण्याआधी हवा भरायला एक छोटा कंप्रेसर. या दोन्हीची किंमत मिळून लिफ्ट किटच्या जवळपासही जात नाही.

वाळूची गोष्ट तर आणखी स्पष्ट आहे. किनाऱ्यावर गाडी नेऊच नये, अनेक ठिकाणी त्याला बंदी आहे, तरी दर सुट्टीत कुणीतरी पुळणीत रुतून भरतीची वाट बघत बसतो. त्याच्या मदतीला लोक धावतात ते फळ्या आणि दोर घेऊन. गाडी दोन इंच उंच असती तर ती तशीच रुतली असती, फक्त पोट टेकायला आणखी थोडं खोदावं लागलं असतं.

पाण्याबाबतचा गैरसमज तर जिवावर बेतणारा आहे. "लिफ्ट केलीय, फरशी पुलावरून निघून जाईन," हे वाक्य पावसाळ्यात कानावर पडतं. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा सांगते की जोरात वाहणारं दोन फूट पाणी एसयूव्ही आणि पिकअपसकट बहुतेक गाड्या वाहून नेऊ शकतं. गाडी तरंगायला लागली की उंची निरुपयोगी ठरते, कारण चाकांखाली जमीनच राहत नाही. दोन इंच उंचीने मिळतो तो फक्त धीर, आणि वाहत्या पाण्यापुढे धीर ही सगळ्यांत महाग चूक आहे.

यावर हुकमी उत्तर येतं: "ऑस्ट्रेलियात सगळे करतात. ओल्ड मॅन एमूची लिफ्ट किट काय उगाच चालतात?" करतात, हे खरं. पण तिथे गाडीतल्या बदलांसाठी 'व्हीएसबी १४' नावाची राष्ट्रीय संहिता आहे, त्याशिवाय प्रत्येक राज्याचे नियम आहेत. ठरावीक मर्यादेपलीकडे उंची वाढवली की मान्यताप्राप्त अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं. ऑस्ट्रेलियाकडून आपण किट घेतलं, नियम मात्र तिकडेच ठेवले. शिवाय तिथली नावाजलेली किट म्हणजे चकत्या नव्हेत. त्यांत स्प्रिंग आणि तिच्याशी जुळवलेला लांब शॉकअप एकत्र येतो, आणि विचारलं जातं की गाडीवर कायमचं वजन किती आहे. हा प्रश्न आपल्याकडच्या किती गॅरेजांत विचारला जातो?

आपल्या कायद्याचंही बघू. मोटार वाहन अधिनियम १९८८ चं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं: परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. समर्थक म्हणतात, आरसीवर ग्राउंड क्लिअरन्स लिहिलेलाच नसतो, मग विसंगती कसली? युक्तिवाद हुशार आहे. पण तो कोर्टात टिकेल की नाही याची जोखीम किट विकणारा घेत नाही, तुम्ही घेता. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली वाकून चकत्या पाहतो, तेव्हा विमा कंपनीला न कळवलेला बदल हा क्लेमवर बोट ठेवायला तिच्या हातात आयता दिलेला मुद्दा असतो.

शेवटचा मुद्दा, "कंपन्या खर्च वाचवतात, म्हणून गाडी बुटकी देतात." कंपन्या खर्च वाचवतात यात शंका नाही. पण उंचीच्या बाबतीत हा आरोप टिकत नाही, कारण ज्यांना उंची हवी त्यांच्यासाठी त्याच कंपन्या उंच गाड्या विकतात. थारला २२६ मिलिमीटर क्लिअरन्स, पुढून ४१.८ अंशांचा चढ घेण्याची क्षमता आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची तयारी कारखान्यातूनच येते. दोन दारं घरच्यांना पुरत नसतील तर २०२४ पासून पाच दारांची थार रॉक्स आहे. गुरखाला पुढे-मागे दोन्ही डिफरन्शियल लॉक आणि स्नॉर्केल कंपनीच देते. या गाड्यांची उंची, आर्म आणि शाफ्टचे कोन एकमेकांना धरून आखलेले आहेत. पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थांकडे चाचण्या देऊनच असं वाहन रस्त्यावर येतं. उंची हीच तुमची गरज असेल तर उंच गाडी घ्या. बुटकी गाडी घेऊन ती उंच करणं म्हणजे कंपनीच्या अभियंत्यांनी जुळवलेलं गणित गॅरेजच्या ओट्यावर खोडणं.

लिफ्टचं समर्थन कुठे होऊ शकतं, तेही सांगतो. गाडीवर स्टीलचा बंपर, विंच, टपावरचा तंबू असं कायमचं वजन असेल आणि त्यामुळे ती मूळ उंचीपेक्षा खाली बसली असेल, तर जड स्प्रिंग आणि जुळते शॉकअप टाकून तिला मूळ उंचीवर किंवा किंचित वर आणणं योग्यच आहे. पोट खरोखर वारंवार घासत असेल, टायर आणि हवेचं सगळं करून झालं असेल, तर संपूर्ण किट, नवे कंट्रोल आर्म आणि नोंद ठेवून केलेलं अलाइनमेंट यांसह माफक लिफ्ट करणाऱ्याला मी मूर्ख म्हणणार नाही. पण हा शेवटचा टप्पा आहे. त्याआधी येतं शिकणं: इगतपुरीला महिंद्राची ऑफ-रोड प्रशिक्षण अकादमी आहे, जाणती मंडळीही आनंदाने शिकवतात. मग टायर. मग गेज आणि कंप्रेसर. मग गाडी बाहेर काढायचं सामान: भार सहन करणारे शॅकल, ताणला जाणारा स्ट्रॅप, ट्रॅक्शन बोर्ड, फावडं. मग गिअरबॉक्स आणि टाकीखाली स्किड प्लेट, म्हणजे पोट घासलंच तर पत्र्यावर घासेल. या यादीतल्या एकाही गोष्टीने हायवेवरची गाडी उलटण्याच्या जवळ जात नाही.

एवढं करूनही लिफ्टच हवी असेल, तर गॅरेजवाल्याकडून चार आकडे लेखी मागा: बसवण्याआधी आणि नंतर कॅम्बर-कॅस्टर किती, पुढच्या चाकाचा खाली लोंबण्याचा प्रवास किती मिलिमीटर उरला, ड्राइव्ह शाफ्टचा कोन किती अंशांनी वाढला, आणि सात माणसं बसल्यावर गाडीची उंची किती राहते. हे आकडे जो देऊ शकतो त्याने हे काम जाणून केलंय. जो "काही होत नाही साहेब, भरपूर गाड्या केल्यात" म्हणतो, त्याच्याकडे तुमच्या गाडीची माहिती नाही, फक्त चकत्यांचा साठा आहे. त्याला घरच्या गाडीला पाना लावू देऊ नका.